विहीणबाईंसमोर पोर्तुगीज का अडतं?

गोव्याच्या फोंडा तालुक्यातल्या एका वाचक भगिनीच्या पत्राचा हा सारांश. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

"मी ५८ वर्षांची, मराठी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. मुलगा पोर्तुगालमध्ये असतो, सून तिथलीच, नात आठ वर्षांची. नातीला पोर्तुगीज येतं आणि थोडंफार इंग्रजी. तिच्याशी आणि विहीणबाईंशी चार शब्द बोलता यावेत म्हणून मी मोबाइलवर पोर्तुगीज शिकायला लागले. मग भाच्याने लॅपटॉपवर व्हीआरचॅट घालून दिलं. तिथे एक अवतार घेऊन फिरायचं आणि भेटेल त्याच्याशी बोलायचं. रात्री जेवणखाण आटोपलं की मी थोडा वेळ तिथे जाते. चुकतमाकत का होईना, भडाभडा बोलते आणि लोक समजून घेतात. पण रविवारी व्हिडिओ कॉलवर विहीणबाई समोर आल्या की नमस्काराच्या पुढे गाडी सरकत नाही. नात तर दोन मिनिटांत पळते. परवा सून हसून म्हणाली, 'आई, तुम्ही ब्राझीलच्या मालिकेतल्यासारखं बोलता.' यजमान म्हणतात, या वयात रात्रीबेरात्री अनोळखी माणसांशी बाहुल्यांचा खेळ कशाला, सरळ पणजीला क्लास लाव. मुलगा म्हणतो डोळ्यांवर लावायचा हेडसेट पाठवतो, म्हणजे अगदी तिथे असल्यासारखं वाटेल. डिसेंबरात व्याही-विहीण आमच्याकडे यायचे आहेत. मी स्वतःची फसवणूक करून घेते आहे का? क्लास लावू, हेडसेट घेऊ, की हे सगळंच बंद करू?"

ताई,

फसवणूक मुळीच नाही. रात्रीचं बोलणं लुटुपुटूचं आणि रविवारचं गप्प बसणं हीच आपली खरी पातळी, हे आधी मनातून काढून टाका. अवतार चित्रातला असेल, त्याच्या आडचा माणूस हाडामांसाचा आहे. तुम्ही काही विचारलंत, ते त्याला कळलं, त्याने उत्तर दिलं आणि ते तुम्हाला कळलं. संवाद म्हणतात तो हाच. इतकी वर्षं वर्ग सांभाळलेल्या बाईंना हे मी सांगायला नको: फळ्यासमोर उभं केलं की मान खाली घालणारं पोर मधल्या सुट्टीत तोंडाचा पट्टा चालवतं, तेव्हा त्याला भाषा येत नाही असं आपण म्हणत नाही.

मग रविवारी अडतं कुठे? तो कॉल डोळ्यांसमोर आणा. तुम्ही इकडे खुर्चीत, विहीणबाई तिकडे सोफ्यावर, आणि दोघींच्या मध्ये काहीच नाही. कशा आहात, बऱ्या आहोत, पाऊस आहे का, आहे. एवढं झालं की पुढचा विषय हवेतून काढायचा, तोही परक्या भाषेत, आणि मुलगा-सून शेजारी बसून ऐकत असताना. मराठीतसुद्धा नव्या विहिणीशी अशी दहा मिनिटं काढणं अवघडच. व्हीआरचॅटमध्ये मात्र तुमच्यापुढे काहीतरी असतं. एखादं दार असतं, जिना असतो, कुणाच्या तरी अवताराला लांबलचक शेपूट असतं. 'हे काय?', 'इकडे या', 'तिकडे नको' एवढ्यावर बोलणं सुरू होतं आणि पुढचं वाक्य समोरच्या वस्तूतूनच सुचतं. तुम्हाला वाटतं की अवताराच्या आड लाज गेली म्हणून जीभ सुटली. ते खरं आहे, पण अर्धंच. तिथे दोघांना मिळून करायला काहीतरी असतं, हे त्याहून मोठं कारण.

भाषाशिक्षणाचे अभ्यासक मायकल लाँग यांनी १९८० च्या दशकात याच दिशेचा विचार मांडला. न कळलेलं परत विचारताना, समोरच्याने तेच सोपं करून सांगताना, मग आपण ते पुन्हा म्हणून पाहताना भाषा आत मुरत जाते, असा त्यांचा मुद्दा. असं अडखळणं घडायचं तर दोघांच्या मध्ये काही काम असावं लागतं. आभासी जगाचा उपयोग आहे तो त्यासाठी. ते किती हुबेहूब दिसतं याला त्यामानाने फार किंमत देऊ नका.

म्हणून क्लास की हेडसेट या प्रश्नाआधी मला वेगळंच विचारायचं आहे. तुम्हाला पोर्तुगीज बोलणाऱ्या साऱ्या दुनियेशी बोलायचं नाही, दोघींशी बोलायचं आहे. मग परक्यांबरोबर सराव करून तो रविवारी या दोघींपुढे वापरून पाहण्यापेक्षा, या दोघींनाच तुमच्याबरोबर अशा जगात का नेत नाही?

नातीपासून सुरुवात करा. व्हीआरचॅट तिच्यासाठी नाही. तिथे किमान वय १३ आहे, आणि उघड्या खोल्यांमधलं कानावर पडणारं बोलणं पाहता एवढ्याशा मुलीला तिथे न्यावं असं मलाही वाटत नाही. तिच्यासाठी माइनक्राफ्ट हा खेळ बघा. ठोकळ्याठोकळ्यांचं जग, त्यात खणायचं, लाकूड तोडायचं, घर बांधायचं, गाई-मेंढ्या पाळायच्या. या वयाच्या मुलांना तो बहुधा ठाऊक असतो. त्याच्या दोन आवृत्त्या आहेत, जावा आणि बेडरॉक, आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. नातीकडे जी असेल तीच तुमच्या लॅपटॉपवर हवी. रेल्म्स नावाची सोय आहे: दरमहा शुल्क भरलं की फक्त बोलावलेल्या माणसांसाठी खासगी जग मिळतं. नातीचं खातं मुलांसाठीचं असेल तर इतरांबरोबर खेळायची परवानगी तिच्या आईवडिलांना सुरू करून द्यावी लागेल. खेळाची पातळी 'पीसफुल' ठेवा, म्हणजे रात्री राक्षस अंगावर येत नाहीत. भाषांच्या यादीत पोर्तुगालचं पोर्तुगीज आणि ब्राझीलचं पोर्तुगीज वेगवेगळं दिलेलं आहे, पोर्तुगालचं घ्या. खेळात आवाजाची सोय नसते, म्हणून शेजारी मोबाइलवर व्हॉट्सअ‍ॅप कॉल सुरू ठेवायचा. कॅमेरा बंद, नुसता आवाज.

त्या जगात तुम्ही नवख्या असाल आणि ती मुरलेली. पहिल्या पाच मिनिटांत तुम्ही एखाद्या खड्ड्यात पडाल. ती ओरडेल, "अव्हॉ, साल्ता!" आजी, उडी मार! तुम्ही उडी न मारता मागेच सरकलात तर तुम्हाला कळलेलं नाही हे तिला पडद्यावर दिसेल. ती तेच हळू सांगेल, मग मोठ्याने, मग वेगळ्या शब्दांत, मग स्वतः उडी मारून दाखवेल. दार कुठल्या भिंतीत लावायचं, मेंढी कुणी सोडली, कुऱ्हाड कुणाकडे आहे, अजून किती दगड लागतील यावर तुमची वादावादी होईल. त्यात आज्ञा, दिशा, रंग, आकडे, 'माझं-तुझं' सगळं येऊन जातं. शिवाय आठ वर्षांच्या मुलीला आजीला शिकवायला मिळतं. व्हिडिओ कॉलवर तिला तुमच्याशी बोलायला सांगितलं जातं. इथे तिला स्वतःलाच काही सांगायचं असेल. अर्धा तास झाला की थांबा आणि त्या दिवसाचे पाच-सहा शब्द वहीत उतरवा, पुढच्या वेळी ते मुद्दाम वापरा.

वेळ शनिवारी दुपारी साडेतीनची धरा. तिकडे हिवाळ्यात सकाळचे दहा वाजलेले असतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं तासभर मागे जातात आणि आपल्यातलं साडेचार तासांचं अंतर साडेपाच तासांचं होतं, एवढं ध्यानात असू द्या.

विहीणबाईंना मात्र अवतार घ्यायला लावू नका. त्यांच्यासाठी गूगल मॅप्समधलं स्ट्रीट व्ह्यू पुरेसं आहे. कॉलवर तुमचा पडदा त्यांना दिसेल असा ठेवा, त्यांच्या गल्लीत जाऊन उभ्या राहा आणि म्हणा, तुम्ही पाव घेता त्या दुकानापर्यंत मला न्या. त्या डावीकडे-उजवीकडे सांगतील, तुम्ही माऊसने चालायचं. चुकीच्या गल्लीत शिरलात तर उत्तमच, त्या थांबवतील आणि पुन्हा सांगतील. वाटेत सुनेची शाळा लागेल, कुणा मैत्रिणीचं घर लागेल, आणि त्यांच्या तोंडून आपोआप काहीबाही निघेल. सगळं कळणार नाही, कळायची गरजही नाही. तीन वाक्यं तेवढी जिभेवर ठेवा: "नांव पर्सेबी" म्हणजे कळलं नाही, "माइश द्वागार" म्हणजे जरा सावकाश, आणि "कोमु स दीश?" म्हणजे याला काय म्हणतात. पुढच्या रविवारी तुमची पाळी. मोबाइल हातात घेऊन त्यांना परसात फिरवा, विहीर दाखवा, तुळशीपाशी थांबा, कुळागर असेल तर पोफळी आणि मिरीच्या वेलींमधून न्या. मग त्या विचारतील आणि तुम्ही सांगाल.

आता सुनेच्या हसण्याविषयी. त्यात तथ्य आहे, पण दोष तुमचा नाही. ब्राझीलची लोकसंख्या २० कोटींच्या वर आहे, पोर्तुगालची १ कोटीच्या आसपास. त्यात आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात तेव्हा साओ पावलोत दुपारचा एक असतो. अशा वेळी व्हीआरचॅटमध्ये पोर्तुगीज बोलणारं कुणी भेटलं तर ते ब्राझीलचं असण्याचीच शक्यता जास्त. त्यांचं "बों जीया" तुमच्या जिभेवर बसलं असणार. लिस्बनमध्ये ते "बों दीया" असतं. ब्राझीलचे लोक स्वर मोकळे सोडतात, पोर्तुगालचे लोक बरेचसे गिळतात, म्हणून विहीणबाई फार भराभर बोलतात असं तुम्हाला वाटतं. बस ब्राझीलमध्ये 'ओनिबुस', पोर्तुगालमध्ये 'आउतोकारू'; आगगाडी ब्राझीलमध्ये 'त्रें', पोर्तुगालमध्ये 'कोंबोयू'. दोन्ही बोली तेवढ्याच अस्सल आहेत. फक्त तुमची माणसं पोर्तुगालची आहेत, तेव्हा कानही तिकडे लावा. आरटीपी या पोर्तुगालच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेचा रेडिओ इंटरनेटवर ऐकता येतो. सकाळी कामं उरकताना तो लावून ठेवा.

शब्दांपेक्षा नाजूक गोष्ट संबोधनाची. ब्राझीलमध्ये बहुतेक ठिकाणी समोरच्याला सहज 'व्होसे' (तू किंवा तुम्ही) चालतं. पोर्तुगालमध्ये मानाच्या व्यक्तीला ते रुक्ष, कधी कधी उद्धट वाटू शकतं. तिथे "अ सिन्योरा" (बाईसाहेब) म्हणतात किंवा सरळ नाव घेऊन बोलतात. नातीला 'तू' म्हणायचं, विहीणबाईंना नाही. तुम्ही विहिणीला अहो-जाहो करणाऱ्या घरातल्या, तुम्हाला याचं महत्त्व लगेच उमगेल. आभासी जगात हे कुणी शिकवत नाही, कारण तिथे कुणी कुणाची विहीण नसते.

इथे यजमानांच्या म्हणण्यात मला अर्थ दिसतो. व्हीआरचॅटमधली माणसं चांगली आहेत, तुमची चूक समजून घेतात आणि पुढे जातात. पण म्हणूनच ती चूक तुमच्यापाशीच राहते आणि रुळते. कॅनडाच्या भाषा-अभ्यासक मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये नेमकं हेच दाखवलं होतं. इंग्रजी घरांतली मुलं वर्षानुवर्षं शाळेचे विषय फ्रेंचमधून शिकत होती, त्यांना समजायचं उत्तम, तरी बोलण्यातलं व्याकरण कच्चंच राहिलं होतं. ऐकणं भरपूर झालं, नेमकेपणाने बोलायला लावणारं कुणी पुरेसं नव्हतं. तेव्हा चूक दाखवणारं एक माणूस तुम्हाला हवंच. पणजीत कामोंइश संस्थेचं पोर्तुगीज भाषा केंद्र आहे, फोंतेन्हासमध्ये फुंदासांव ओरिएंत ही पोर्तुगीज संस्था आहे. तिथे वर्गांची चौकशी करा, आठवड्यातून एकदोन वेळा फोंडा-पणजी बस झेपत असेल तर जरूर जा. नाहीच झेपलं तर ऐंशीच्या पुढचं, १९६१ पूर्वी, पोर्तुगीज राजवटीत, लिसेव (माध्यमिक शाळा) किंवा सेगुंद ग्राव (प्राथमिकचा वरचा टप्पा) शिकलेलं कुणी आसपास आहे का पाहा. गोव्यात अशी माणसं अजून आहेत आणि त्यांच्याशी पोर्तुगीजमध्ये बोलणारं आता फारसं कुणी उरलेलं नाही. त्यांचे उच्चार पोर्तुगालच्या वळणाचे असतील, काही शब्द जुने असतील, आणि चूक झाली की ती बोलून दाखवतील. संध्याकाळी तासभर जाऊन बसलात तर त्यांनाही बरं वाटेल.

वर्गात जा किंवा शेजारी जा, रिकाम्या हाताने जाऊ नका. शनिवारी नातीबरोबर खेळताना जी वाक्यं अडली ती वहीत असतील. तीच पुढे ठेवा आणि विचारा, हे मी कसं म्हणायला हवं होतं? पुढच्या शनिवारी ते बरोबर म्हणून पाहा. अशाने क्लास आणि खेळ यांच्यात निवड करण्याचा प्रश्न राहत नाही.

हेडसेटला माझं मत नाही, निदान सध्या. मुलाचं प्रेम कळतं. पण अर्धा किलोच्या आसपासचं ओझं डोक्यावर, आत चष्मा, आणि डोळ्यांना आपण चालतोय असं दिसत असताना शरीर जागच्या जागी, यामुळे अनेकांना मळमळतं, गरगरतं. त्याहून मोठी अडचण म्हणजे हेडसेट घातल्यावर वही दिसत नाही आणि शब्दकोश उघडता येत नाही. शिकणाऱ्याला त्या दोन्ही गोष्टी लागतात. व्हीआरचॅट लॅपटॉपवर फुकट चालतं, माइनक्राफ्टला हेडसेट लागत नाही. एक चांगला माइक असलेला हेडफोन मात्र मागवून घ्या. समोरच्याला तुमचा उच्चार स्वच्छ ऐकू गेला की निम्म्या गैरसमजुती टळतात.

अनोळखी माणसांविषयी यजमानांना वाटणारी काळजी उडवून लावू नका. व्हीआरचॅट पूर्ण बंद करावं असं मला वाटत नाही, तिथे तुमची भीड चेपली आहे. पण उघड्या खोल्यांऐवजी ज्यांच्याशी जमलं त्या दोघातिघांना मित्रयादीत घ्या आणि फक्त मित्रांसाठी असलेल्या खोलीत भेटा. खरं नाव, गाव, मुलाचा पत्ता, फोन नंबर काही सांगायचं नाही. कुणी पैशाची किंवा दुसऱ्या अ‍ॅपवर येण्याची गोष्ट काढली की त्याला तिथल्या तिथे ब्लॉक करायचं, शिष्टाचाराचा विचार न करता. एका रात्री यजमानांना शेजारी खुर्ची द्या आणि अर्धा तास ऐकू द्या. त्यांना भाषा कळणार नाही, पण तुम्ही तिथे नेमकं काय करता ते दिसेल, आणि 'बाहुल्यांचा खेळ' हा शब्द ते कदाचित पुन्हा वापरणार नाहीत.

अशाच पेचात असलेले इतर वाचकही असतील: म्हापशात बसून जर्मन शिकणारी परिचारिका, मडगावचा जपानी शिकणारा मुलगा. त्यांच्या घरी पोर्तुगीज सून नाही, त्यांना परक्यांवरच भिस्त ठेवावी लागते. जपानी शिकणाऱ्यांसाठी व्हीआरचॅटमध्ये इंग्रजी-जपानी देवाणघेवाणीची खास जागा आहे. तिथे समोरच्यालाही तुमच्याकडून इंग्रजी हवं असतं, त्यामुळे उपकाराचं ओझं वाटत नाही. ज्यांना बोलताना घाम फुटतो त्यांनी २००३ पासून चालू असलेलं सेकंड लाइफ हे आभासी जग पाहावं. तिथे लिहून गप्पा मारता येतात, विचार करायला उसंत मिळते आणि संभाषण साठवून दुसऱ्या दिवशी शिक्षकांना दाखवता येतं. २००७-०८ च्या सुमारास स्पेनच्या सेर्व्हांतेस संस्थेने आणि जर्मनीच्या ग्योथे संस्थेने तिथे आपापल्या जागा उघडल्या होत्या. पुढे तो उत्साह ओसरला. जागा कितीही देखणी असली तरी ठरलेल्या वेळी येणारी माणसं नसतील तर भाषा शिकणाऱ्याला तिचा उपयोग नाही. म्हणून कुठलं जग चांगलं हे शोधत बसण्यापेक्षा आठवड्याचा एक वार, एक तास आणि एक माणूस पक्का करा. परीक्षा द्यायची असेल तर हेही लक्षात घ्या की या सगळ्याने तोंडी परीक्षेला बळ येतं. पत्रलेखन, व्याकरण, उताऱ्यावरचे प्रश्न यांसाठी टेबलाशी बसूनच अभ्यास करावा लागतो.

ताई, एक गोष्ट तुम्ही पत्रात लिहिली नाही, पण मला ती सारखी जाणवत राहिली. भाषा ओलांडून जायचं सगळं काम तुम्ही एकट्यांनी अंगावर घेतलं आहे. नातीला मराठी येत नाही हे तुम्ही एखादी पक्की गोष्ट असावी तसं धरून चालला आहात. आठ वर्षं हे काही फार वय नाही. माइनक्राफ्टमध्ये तिने बांधलेल्या घराला एक खोली तुमची मागून घ्या. त्या खोलीत शिरलं की मराठी, एवढाच नियम. ती तुम्हाला दार, दगड, मेंढी पोर्तुगीजमध्ये शिकवेल, तुम्ही तेच तिला मराठीत द्या. मुलगा तिच्याशी मराठी का बोलला नाही याचा हिशेब मागायला आता जाऊ नका, त्यातून घरात कटुता येईल आणि हाती काही लागणार नाही.

डिसेंबरात विहीणबाई आल्या की त्यांना बैठकीच्या खोलीत मानाने बसवून ठेवू नका, नाहीतर रविवारचाच कॉल समोरासमोर होईल. सकाळी बाजारात बरोबर न्या, मासळी निवडू द्या. दुपारी स्वयंपाकघरात आदोळीवर नारळ खवून पाहायला सांगा, तिरफळांचा वास घ्यायला लावा. त्यांच्याकडून त्यांच्या पद्धतीचं एखादं कालवण शिकून घ्या, आणि मीठ किती, आच किती, झाकण कधी हे विचारत राहा. त्या एका भांड्यावरच तुम्हाला तासभर पुरेल इतकं बोलायला मिळेल.

तोवर मुलाला आज फोन करून हेडसेट नको म्हणून सांगा आणि नातीकडे जावा आहे की बेडरॉक तेवढं विचारून घ्या. भाच्याला बोलावून तीच आवृत्ती लॅपटॉपवर घालून घेतलीत तर येत्या शनिवारीच सुरू करता येईल.